बिनतारी कळफलक

'बिनतारी' हा शब्द मराठींत चांगला मुरलेला, जुना शब्द आहे. मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें आणि पुढें दहापंधरा वर्षांत सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांतून रेडिओचें खोकें विराजमान झालें. १९३३ च्या कायद्यानें असलें यंत्र नुसतें बाळगावयाचें म्हटलें तरी सरकारी परवाना लागूं लागला. आणि पूर्वीं दरसाल टपालकचेरींत जाऊन त्याचें शुल्क भरलेलीं वडील माणसें आजही पुष्कळ कुटुंबांतून आहेत. परंतु तें जुनें बिनतारी यंत्र म्हणजे घराचा केवळ कान होता. मुंबईहून कोणीं गावें, बोलावें, बाजारभाव सांगावे, आणि आपण ऐकावें. आपल्या घरांतील एक अक्षरही त्या खोक्यांतून बाहेर जात नसे. बोलणाऱ्या बिनतारी यंत्राची गोष्ट निराळी. उषा मेहता व त्यांचे सहकारी १९४२ सालीं मुंबईंत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवीत, तेव्हां पोलिसांना ठावठिकाणा लागूं नये म्हणून त्यांना वारंवार जागा बदलावी लागे. आणि अखेरीस १२ नोव्हेंबर रोजीं ते सांपडलेच. हवेंत सोडलेला शब्द मित्राच्या कानीं पडतो तसाच शत्रूच्याही पडतो.

हें आठवण्याचें कारण असें कीं, अलीकडे घरोघर आलेला बिनतारी कळफलक व त्याच्या जोडीचा माऊस हीं यंत्रें या दुसऱ्या, बोलणाऱ्या जातीचीं आहेत. कळफलकावर आपण जें जें लिहितों, मग तें दूरदेशींच्या मुलाला पत्र असो, मुलीसाठीं आलेल्या स्थळाची माहिती असो, कीं बँकेचा संकेतशब्द असो, तें तें तो एकेक अक्षर करून हवेंत बोलून दाखवितो. घरांतल्या लहान मुलालासुद्धां कोणापुढें काय बोलावें हें शिकविण्याची आपली रीत आहे. असें असतां हें नवें तोंड घरांत आणतांना आपण विचारतों तें इतकेंच, कीं रंग काळा आहे कीं पांढरा, आणि किंमत किती!

आमच्या घरीं हा प्रश्न चैन म्हणून आला नाहीं. आम्ही कांजूरमार्गास पूर्वेच्या बाजूला राहतों. आम्ही दोघे भाऊ, दोघांचा संसार एकत्र, आणि आमचे वडील, ज्यांना सारें घर अप्पा म्हणतें. अप्पांनीं ऐंशी ओलांडली आहे. गुडघ्यांमुळें त्यांना टेबलाशीं बसवत नाहीं, आणि मोतीबिंदू काढल्यावरही बारीक अक्षर त्यांना नीट लागत नाहीं. परंतु आमच्या घराण्याचा जो कुलवृत्तांत पूर्वीं छापला गेला, त्यांत पुढच्या पिढ्यांची भर घालण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें आहे, आणि तें तडीस नेल्याशिवाय ते स्वस्थ बसणार नाहींत. संगणक दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्याला जोडला, कीं सुपारीएवढालीं अक्षरें भिंतीवर उमटतात. मग आरामखुर्चींत टेकून, मांडीवर कळफलक घेऊन त्यांना खुशाल लिहितां येतें. मधल्या आठ फुटांत मात्र तार चालत नाहीं. त्याच आठ फुटांतून देवघर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या तिन्ही स्थळांकडे जाणारा घराचा राजमार्ग आहे, आणि त्यावरून दोन मुलें सकाळपासून धांवत असतात.

माझे थोरले बंधु, म्हणजे आमचा दादा, पहिल्यापासून तारेच्या पक्षाचा. तारेंतला शब्द तारेंतच राहतो, हें त्याचें म्हणणें. त्यानें तोड काढली ती अशी. कुलवृत्तांताचें लेखन खुर्चींतून, त्या वेळीं घरांत असलेल्या साध्या बिनतारी कळफलकावर व्हावें. परंतु निवृत्तिवेतन, बँक आणि प्राप्तिकर यांचा सारा व्यवहार टेबलावरच्या तारेच्या कळफलकावर. वहिनींनीं त्या कळफलकाचें नांव 'सोवळ्यांतला' असें ठेवलें, आणि मुलांनीं त्याला खाऊच्या हातानें शिवूं नये हा नियमही त्याच ओघांत होऊन गेला. व्यवस्था दिसावयास निर्दोष होती. पहिले आठ दिवस अप्पा भिंतीला धरून टेबलापर्यंत गेले. पुढें पुढें मात्र ते खुर्चींतूनच पुतण्याला हांक मारूं लागले, "अरे, बैस जरा टेबलाशीं, मी सांगतों तें लिही." अप्पांना कमी ऐकूं येतें, त्यामुळें त्यांचा आवाज मोठा. संकेतशब्दांतलें मोठें अक्षर कोणतें, आंकडा कोणता आणि शेवटचें चिन्ह कोणतें, याचा उच्चार इतक्या स्पष्टपणें होई, कीं उघड्या दारांतून तो जिन्यावरील मंडळींनाही ऐकूं जावा. तारेनें राखलेलें गुपित अशा रीतीनें रोज दवंडी पिटून जाहीर होऊं लागलें!

एके दिवशीं मीं अप्पांना हें सांगितलें, तेव्हां ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला उठवत नाहीं म्हणून हिशेब पोराच्या हातीं द्यावा लागतो. माझ्या पैशाचा व्यवहार माझ्या हातानें व्हावा, एवढीच माझी इच्छा आहे." एकत्र कुटुंबांत वडिलांचे आर्थिक व्यवहार मुलांनीं परस्पर उरकावे, आणि त्यांचा संकेतशब्द साऱ्या घराला तोंडपाठ असावा, याला आपण सेवा म्हणतों. मला तें बरें वाटत नाहीं. जो मनुष्य चाळीस वर्षें घराचा जमाखर्च स्वत: लिहीत आला, त्याच्या हातून लेखणी काढून घेणें ही सेवा नव्हे. तेव्हां प्रश्न तार हवी कीं नको हा राहिलाच नाहीं. ज्यावर विश्वास टाकतां येईल असा बिनतारी कळफलक कोणता, आणि तो घरांत कसा बसवावा, हें शोधून काढणें भाग झालें.

आधीं हवेंत काय घडतें तें पाहूं. हे कळफलक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत बोलतात. आपल्या देशांत या पट्ट्यांतील थोड्या शक्तीच्या यंत्रांना २००५ सालापासून परवाना लागत नाहीं, म्हणूनच तीं इतकीं पसरलीं. या लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वितीहून कमी. आणि साध्या विटांच्या भिंतींतून ती सहज पार होते. पेटीवर मोठ्या अभिमानानें छापलेलें असतें कीं पल्ला दहा मीटर. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. आमचा दिवाणखाना बारा फुटांचा. उरलेले एकवीस फूट कोठें जातात? ते शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरांत जातात, जिन्यावर जातात, वरच्या व खालच्या मजल्यावर जातात. आणि हा पल्ला संगणकाला लावलेल्या नखाएवढ्या खुंटीचा, जिला दुकानदार डोंगल म्हणतात. मुद्दाम चांगली ॲन्टेना घेऊन बसणाऱ्याचा कान याहून पुष्कळ लांबचें ऐकतो. मोकळ्या माळावरच्या बंगल्यांत राहणाऱ्याला ही गोष्ट तितकी जाचणार नाहीं. आम्हां उपनगरांतल्या, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांना ती लागूच आहे.

यावर उपाय एकच. कळफलक व संगणक यांनीं आपसांत अशा सांकेतिक भाषेंत बोलावें, कीं तिसऱ्यानें ऐकलें तरी त्याला अर्थबोध होऊं नये. याला कूटलेखन म्हणतात. 'एईएस' नांवाची पद्धत अमेरिकेनें २००१ सालीं सरकारी मानक म्हणून स्वीकारली, व तीच आज जगभर चालते. तिच्या १२८ बिटांच्या किल्लीचे जितके वेगवेगळे प्रकार होऊं शकतात, ती संख्या लिहावयास एकोणचाळीस आंकडे लागतात. एकेक किल्ली लावून पाहण्यास कोणाचें आयुष्य पुरणार नाहीं. परंतु बाजारांतील सर्वच कळफलक ही भाषा बोलतात अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं गेल्या कांहीं वर्षांतील इतिहास अवश्य पाहावा.

जानेवारी २०१५ मध्यें सॅमी कामकार या अमेरिकन संशोधकानें दूरध्वनीच्या चार्जरसारखें दिसणारें एक यंत्र तयार करून दाखविलें. भिंतींतल्या सॉकेटांत तें निमूटपणें बसे, आणि आसपासच्या मायक्रोसॉफ्टच्या त्या काळच्या बिनतारी कळफलकांवरचें अक्षरन् अक्षर टिपून घेई. कारण त्या कळफलकांची सांकेतिक भाषा अगदींच लेचीपेची होती. जुलै २०१६ मध्यें बास्टिल या संस्थेनें स्वस्त कळफलक तपासले, तेव्हां आठ कंपन्यांच्या कळफलकांत कूटलेखन मुळींच नसल्याचें आढळलें. ते सरळ साध्या भाषेंत बोलत होते!

याहून चमत्कारिक शोध त्याच संस्थेनें त्याच वर्षीं फेब्रुवारींत प्रसिद्ध केला होता. माऊस काय, तो फक्त इकडून तिकडे सरकणार. त्यांत गुप्त राखण्यासारखें असें काय आहे, असा विचार करून अनेक कंपन्यांनीं कळफलकाला कूटलेखन दिलें, पण माऊसला दिलें नाहीं. आतां दोघांची खुंटी एकच. शंभर मीटरपर्यंतच्या अंतरावरून कोणी माऊसचा वेष घेऊन आला, आणि 'मी माऊस आहें, पण या घे कांहीं कळा' असें म्हणाला, तर कांहीं खुंट्या खुळ्यासारख्या त्या कळा दाबल्या असें समजून संगणकाला हुकूम सोडीत. म्हणजे बीळ उंदराचें, आणि आंत शिरला नाग. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याला आपली म्हण इतकी शब्दश: खरी होईल असें स्वप्नांतही वाटलें नसेल. सात मोठ्या कंपन्यांचा माल यांत सांपडला. ज्या खुंट्यांचें अंतरंग मागाहून दुरुस्त करण्याची सोय होती, त्या दुरुस्त होऊं शकल्या. बाकीच्या फेंकून देण्यावांचून इलाज नव्हता. माऊस स्वस्तांतला घेतला तरी चालेल असें सांगणारे शहाणे अद्याप भेटतात, म्हणून हें जरा विस्तारानें सांगितलें.

न्यायाच्या दृष्टीनें तारेचीही बाजू तपासली पाहिजे, आणि ती दादापुढें मांडतांना मला थोडा आनंद झाला हें लपवीत नाहीं. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनीं २००९ सालीं दाखविलें कीं, तारेच्या कळफलकांतूनही कळ दाबतांना सूक्ष्म विद्युत्-चुंबकीय लहरी निसटतात, आणि कांहीं कळफलकांच्या बाबतींत त्या वीस मीटरांपर्यंत ओळखतां येतात. म्हणजे सोवळेंही अगदीं कडक नव्हेच. मात्र असल्या लहरी पकडण्यास प्रयोगशाळेंतलीं उपकरणें व मोठा अभ्यास लागतो, हें दादाचें उत्तरही खरें.

खरेदीसाठीं मी लॅमिंग्टन रोडला गेलों. कांजूरमार्गास जलद गाडी थांबत नाहीं. धीम्या गाडीनें दादर, तेथें गाडी बदलून ग्रँट रोड, असा तो प्रवास. संगणकाच्या मालाचा हा बाजार इतका दाट आहे, कीं एकाच जिन्न्सासाठीं दहा दुकानें चढण्याउतरण्याची तयारी असेल त्यानेंच तेथें जावें. मी प्रत्येक ठिकाणीं एकच प्रश्न विचारीत होतों : "यांत कूटलेखन आहे काय? असल्यास तें कोठें छापलें आहे?" बहुतेकांनीं माझ्याकडे दयेनें पाहिलें. एकानें, "साहेब, चायनाचा माल आहे, सगळें आहे त्यांत," असें सर्वसमावेशक आश्वासन दिलें. दुसऱ्यानें पेटीवरच्या भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाकडे बोट दाखविलें. तें चिन्ह व त्याखालचा 'आर'पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. २०१२ च्या सरकारी आदेशांत सक्तीच्या नोंदणीसाठीं ज्या वस्तूंची पहिली यादी निघाली, त्यांत बिनतारी कळफलकाचें नांव होतें. परंतु ही नोंदणी वस्तु विजेच्या व आगीच्या दृष्टीनें सुरक्षित आहे असें सांगते. आपलें गुपित ती राखील असें ती सांगत नाहीं. दुकानदारानें दोन्ही गोष्टी एक केल्या, आणि पुष्कळ गिऱ्हाइकेंही करीत असतील.

चवथ्या कीं पांचव्या दुकानांत एक तरुण मुलगा भेटला. त्यानें न बोलतां दोन पेट्या काढून समोर ठेवल्या. एकीवर १२८ बिटांच्या एईएसचा स्पष्ट उल्लेख होता. दुसरा कळफलक ब्लूटूथचा होता. खुंटीच्या पद्धतींत प्रत्येक कंपनीची भाषा तिची तिची, घरची. ती कितपत पक्की आहे हें बाहेरच्याला कळत नाहीं. ब्लूटूथची पद्धत सर्वांनीं मिळून ठरविलेली व उघडपणें तपासलेली आहे. ती निर्दोष आहे असें मात्र नव्हे. डिसेंबर २०२३ मध्यें मार्क न्यूलिन या संशोधकानें तिच्यांतही एक भगदाड दाखवून दिलें, ज्यांतून परका मनुष्य मालकाच्या संमतीवांचून आपला कळफलक दुसऱ्याच्या दूरध्वनीला वा संगणकाला जोडूं शके. परंतु तें भगदाड संगणकाच्या बाजूचें होतें, आणि संगणकाच्या नव्या आवृत्तींतून तें बुजविलें गेलें. मला येथें निवडीची खरी कसोटी सांपडली. भगदाड कोणाला पडत नाहीं? पण तें पडल्यावर बुजविणारा कोणी मागें आहे काय, हें पाहावें. ज्या मालावर धड नांव नाहीं, ज्याच्या कंपनीचें संकेतस्थळ नाहीं, त्याच्या मागें कोणीच नसतें. मीं ब्लूटूथचा घेतला. शेंदोनशें रुपये अधिक गेले. माऊसही त्याच पद्धतीचा घेतला.

पेटी मिटण्यापूर्वीं कळांवरची छपाई पाहिली. ४ या आंकड्याच्या कळेवर रुपयाचें चिन्ह होतें. इंग्रजी (भारत) ही मांडणी निवडली, कीं उजवीकडची ऑल्ट कळ धरून ४ दाबला म्हणजे तें उमटतें. हें चिन्ह सरकारनें १५ जुलै २०१० रोजीं स्वीकारलें, आणि तें रेखाटणारे उदय कुमार हे आमच्या शेजारच्या पवईच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी, ही गोष्ट कांजूरमार्गच्या मनुष्यानें संधि मिळेल तेथें सांगावयाचीच! देवनागरी अक्षरें मात्र कळांवर नव्हतीं. तीं चिकटविण्यासाठीं वेगळ्या पट्ट्या मिळतात. मराठी लिहिण्याचा 'इनस्क्रिप्ट' हा कळांचा क्रम १९८६ सालीं सरकारनें ठरविला, आणि १९९१ मध्यें त्याला भारतीय मानकाचें रूप आलें. त्याची रचना आपल्या वर्णमालेइतकीच सुसंगत आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनें बहुतेक उजव्या. क च्या कळेवर शिफ्ट धरली म्हणजे ख, ग वर घ, ल वर ळ. माझा पुतण्या तो एका सुटींत शिकला. अप्पांचीं बोटें मात्र कचेरींतल्या मराठी टंकलेखनयंत्रावर तयार झालेलीं. विक्रोळीच्या गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं पहिलें भारतीय टंकलेखनयंत्र काढलें. त्या घराण्याच्या यंत्रांवर अप्पांची हयात गेली. त्यांना जुन्या टंकलेखनाचाच क्रम संगणकांत बसवून दिला. तोही बसवितां येतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें, आणि म्हणून पुष्कळ वृद्ध टंकलेखक आपली विद्या वायां गेली असें समजून उगीच खिन्न होतात.

आतां जोडणी. मुंजींत वडील बटूच्या कानांत मंत्र सांगतात, तो शाल पांघरून, इतरांच्या कानीं पडणार नाहीं असा. कळफलक व संगणक यांची पहिली जोडणी हा नेमका तसलाच विधि आहे. या वेळीं दोघे मिळून आपली गुप्त किल्ली ठरवितात, आणि नेमक्या याच क्षणीं कोणी कान लावून बसला तर कांहीं पद्धतींत पुढचें सारें त्याला उलगडतें. लॉजिटेकच्या एका जुन्या खुंटीच्या बाबतींत मार्कुस मेंग्स या जर्मन संशोधकानें २०१९ सालीं हेंच दाखविलें. म्हणून जोडणी घरीं करावी, एकदांच करावी. दुकानांत, कचेरींत वा प्रवासांत करूं नये. चांगला ब्लूटूथ कळफलक जोडतांना पडद्यावर सहा आंकडे दिसतात, आणि ते कळफलकावर लिहून एंटर दाबावें लागतें. लोकांना ही कटकट वाटते. परंतु हे सहा आंकडे पडद्यावर फक्त आपल्यालाच दिसत असतात, व त्यामुळेंच मध्यें कोणी तिसरा शिरलेला नाहीं याची खात्री पटते. आंकडे न विचारतां जो कळफलक 'जोडलें' म्हणून मोकळा होतो, त्याच्यावर मीं बँकेचा व्यवहार सोंपविला नसता. माऊसला आंकडे लिहितां येत नाहींत, त्यामुळें तो निमूट जोडला जातो. त्याला आपल्यापुढें, आपल्या संगणकाच्या यादींत नांव पाहून जोडला, म्हणजे झालें.

आमची जोडणी अप्पांनीं स्वत: केली. सहा आंकडे त्यांनीं मोठ्यानें वाचले तेव्हां मात्र आम्ही सारे हंसलों. ते एकदांच वापरावयाचे असतात, त्यामुळें बिघडलें कांहींच नाहीं.

यानंतरचीं कामें पांच मिनिटांचीं आहेत, पण तीं कोणी करीत नाहीं. संगणकाच्या यादींत पूर्वींच्या कळफलकांचीं, पाहुण्यांच्या यंत्रांचीं नांवें साचलेलीं असतात. तीं पुसून टाकावीं. संगणक आपणहून अद्ययावत होत राहील अशी व्यवस्था करावी. कळफलक कोणाला देऊन टाकावयाचा असेल, तर आधीं त्याची सोयरीक मोडावी, आणि खुंटीचा असल्यास खुंटीही बरोबर द्यावी. आणखी एक खोड सांगतों. आजकालच्या कळफलकांवर १, २, ३ अशा तीन कळा असतात, म्हणजे एकाच कळफलकानें तीन यंत्रांशीं बोलतां येतें. आमच्या वहिनी घरून कचेरीचें काम करतात; त्यांच्या कळफलकाला अशा कळा आहेत. पुतण्याच्या हातून २ दाबली गेली, आणि साहेबांना लिहिलेलें अर्धें पत्र आंतल्या खोलींत तो पाहत असलेल्या खेळाच्या पडद्यावर अवतरलें. परक्या चोरापेक्षां घरचें कार्टें अधिक तापदायक ठरतें! अप्पांच्या कळफलकाला एकच यंत्र जोडलेलें ठेवलें आहे.

येथें प्रमाणबुद्धि सोडून चालणार नाहीं. शेजारचा सद्गृहस्थ रात्रंदिवस ॲन्टेना रोखून बसला आहे अशी कल्पना करून कोणी शेजारधर्म बिघडवूं नये. वृद्ध माणसांचे पैसे आज जातात ते बहुधा कळफलकाच्या लहरींतून नव्हे, तर दूरध्वनीवरच्या गोड किंवा दरडावणीच्या आवाजामुळें. 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे' असें सांगून घाबरविणारे लोक निघाले आहेत. असली अटक आपल्या कायद्यांत कोठेंही नाहीं. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावयाचें असतें. तो क्रमांक लक्षांत ठेवण्यास अप्पांना प्रयास पडले नाहींत; तें मिठाच्या सत्याग्रहाचें साल, आणि आमच्या कांजूरची मिठागरें प्रसिद्धच आहेत. कळफलक जपून निवडला म्हणून अशा फोनपासून रक्षण होतें असें नव्हे. परंतु एक फरक मला दिसला. व्यवहार स्वत:च्या हातीं आल्यापासून अप्पा खात्यांतली शिल्लक दर सोमवारीं स्वत: पाहतात, आणि कोणाचा अनोळखी फोन आला तर, "माझा हिशेब मला ठाऊक आहे," असें म्हणून तो ठेवून देतात.

व्यवहारांतल्या बारीकसारीक अडचणी आल्या, त्याही सांगून टाकतों. दुपारीं चारच्या सुमारास माऊस अडखळूं लागे. बरेच दिवस कोणालाच उमगेना. मग वहिनींच्या लक्षांत आलें कीं, त्याच वेळीं मुलांचें दूध मायक्रोवेव्ह भट्टींत तापत असतें. ती भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालते, आणि तिच्या दारांतून निसटणारा अंशही या चिमुकल्या यंत्रांना भारी पडतो. दूध आतां शेगडीवर तापतें. खुंटीचा कळफलक वापरणाऱ्यांनीं ती खुंटी संगणकाच्या निळ्या, जलद जोडणीच्या खांचेजवळ लावूं नये. त्या खांचेंतूनही याच पट्ट्यांत गोंगाट उठतो. संगणक लोखंडी कपाटामागें ठेवूं नये. विक्रोळीचें कपाट चोराला दाद देत नाहीं, तसें लहरींनाही देत नाहीं. पावसाळ्यांत खाडीकडची दमट, खारी हवा घरांत भरते आणि बॅटरीच्या टोंकांवर हिरवट गंज चढतो. महिनाभर वापर होणार नसेल तर बॅटरी काढून ठेवावी.

दादाचा सोवळ्यांतला कळफलक मीं टाकूं दिला नाहीं. संगणक आजारी पडून अर्ध्यावर अडला, म्हणजे त्याची मूळ यंत्रणा जागी होण्याआधीं ब्लूटूथचा कळफलक त्याला बहुधा ओळखू येत नाहीं. त्या वेळीं तो तारेचेंच ऐकतो. धुतलेल्या पंचांत गुंडाळून तो माळ्यावर, जुन्या कुलवृत्तांताच्या प्रतीशेजारीं ठेवला आहे.